पहिली सायकल रेस करायचीय? सायकलीत काय बदलायचं, काय नाही, आणि नंबर कधी लावायचा

२०२६ च्या जानेवारीत पुण्यात ग्रँड टूर ही मोठी सायकल शर्यत झाली, पाच दिवस, ४३७ किलोमीटर, आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून ज्यांनी ते रायडर सूं करत जाताना बघितले त्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात तेव्हापासून किडा वळवळतोय. मला तेव्हापासून सतत एकच प्रश्न येतो, दादा रेस करायचीय, सायकल कुठली घेऊ. दीड लाखाची कार्बन फ्रेमवाली घेऊ का, गिअर बदलून घेऊ का, व्हील भारीतले टाकू का. मी सगळ्यांना एकच सांगतो की आत्ता जी रोडबाइक (खाली वळलेल्या हँडलची, बारीक टायरची सायकल) आहे तीच राहू दे, पहिली रेस तिच्यावरच होते, फक्त चार-पाच गोष्टी नीट करून घ्या आणि उरलेला जीव घोळक्यात सायकल चालवायला शिकण्यात घाला. का ते खाली सविस्तर लिहितो, लांबलंय, पण सलग वाचा.

पायरी १ : कुठली रेस ते आधी ठरवा

सायकलचं नंतर बघू. आपल्याकडे हौशी लोकांसाठी साधारण तीन प्रकार असतात. एक म्हणजे रोड रेस, सगळे एकत्र सुटतात, जो पहिला पोचला तो जिंकला. दुसरी टाइम ट्रायल, त्यात एकेकाला ठराविक सेकंदांच्या अंतराने सोडतात आणि एकट्याने घड्याळाशी झुंजायचं. तिसरी क्रिटेरियम, छोट्या सर्किटवर पंधरा-वीस फेऱ्या, सतत वळणं. पहिल्यांदा क्रिटेरियमला नंबर लावू नका, प्लीज. वळणावर चाळीसच्या वेगात खांद्याला खांदा लागतो आणि सवय नसली की आपण पडतो ते पडतो, मागच्या सहा जणांना घेऊन पडतो. पहिल्यासाठी सगळ्यात चांगली २० किलोमीटरची टाइम ट्रायल, त्यानंतर ४०-५० किलोमीटरची रोड रेस ज्यात हौशी लोकांचा गट वेगळा सोडतात.

ब्रेव्हे, म्हणजे ठरलेलं लांब अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची राइड, ही रेस नाही हे पण लक्षात घ्या, खूप जण गोंधळतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत, वेळेत आलात की झालं, पहिला-दुसरा काही नसतो. लांब पल्ल्याचा दम कमवायला ब्रेव्हे उत्तम आहे. पुणे ते गोवा डेक्कन क्लिफहँगर, तब्बल ६४३ किलोमीटर, करायची स्वप्नं ज्यांना पडतात त्यांनी तर ब्रेव्हेपासूनच सुरुवात करावी, नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करायची रॅम (रेस अॅक्रॉस अमेरिका) एकट्याने पूर्ण केली ते वाचल्यापासून माझे दोन मित्र त्याच वाटेला लागलेत. पण घोळक्यातली रेस वेगळी, तिथलं कसब वेगळं.

पायरी २ : सायकल आपल्या मापाची आहे का ते बघा

यावर लोक पैसे घालत नाहीत आणि इथेच सगळ्यात जास्त फरक पडतो. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, जाडसर पुस्तक दोन्ही पायांमध्ये सीटसारखं वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत माप घ्या. आलेल्या आकड्याला ०.८८३ ने गुणा. समजा ८० सेंटिमीटर आलं तर उत्तर ७०.६. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, जिथे फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या मधोमधपासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत एवढं अंतर ठेवून बघा. इथून सुरुवात करायची आणि मग दोन-तीन मिलिमीटर वर-खाली करत आपलं आपल्याला सापडतं. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली आहे, मागच्या बाजूला शिरा ओढल्यासारखं होत असेल किंवा पेडल मारताना कंबर डावी-उजवी हलत असेल तर सीट वर आहे. सापडलं की सीटपोस्टला चिकटपट्टीची खूण करून ठेवा, म्हणजे गाडीत टाकताना काढली तरी परत त्याच जागी बसते.

हात सुन्न पडत असतील तर हँडल लांब पडतंय, १० मिलिमीटर आखूड स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) टाकली तरी जीवात जीव येतो, ती काही महाग नसते. आणि पॅडवाली बिब शॉर्ट (खांद्यावर पट्टे असलेली सायकलची चड्डी) चांगल्यातली घ्या, व्हीलवर खर्च करायच्या आधी.

वजनाचं एकदाच सांगतो. तुम्ही सत्तर किलो, सायकल दहा किलो, मिळून ऐंशी. हजारो रुपये खर्चून सायकल एक किलोने हलकी केली तर सिंहगडासारख्या पाऊण तासाच्या चढात साधारण अर्धा मिनिट वाचतं. अर्धा मिनिट, बस. जागतिक रेसमध्येसुद्धा यूसीआयच्या, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या, नियमाने सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालतच नाही. पोटावरचा एक किलो उतरवला तरी तेवढाच फायदा आणि तो फुकट.

पायरी ३ : गिअर, आणि इथे थोडं थांबा

शिमानो या गिअर बनवणाऱ्या कंपनीच्या सेटची उतरंड खालून वर अशी आहे : क्लॅरिस मागे ८ गिअरची, सोरा ९, टियाग्रा १०, मग १०५ (हे सेटचं नाव, गिअरचा आकडा नाही), अल्टेग्रा, ड्युरा-एस. दुकानदार म्हणेल रेस करायची तर १०५ पाहिजेच. नाही पाहिजे. क्लॅरिसवर नीट ट्यून केलेली सायकल, हाल झालेल्या १०५ पेक्षा शंभर पटीने बरी. तुम्हाला बघायचा आहे तो नावाचा शिक्का नाही, दात किती आहेत तो आकडा.

बऱ्याच रोडबाइकला पुढे ५०-३४ (मोठ्या चकतीला ५० दात, छोटीला ३४) आणि मागे ११-२८ किंवा ११-३२ (सगळ्यात छोट्या चकतीला ११ दात, सगळ्यात मोठीला २८ किंवा ३२) येतं. आता हिशोब बघा. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. पुढे ३४ आणि मागे २८ असेल तर पेडल एकदा पूर्ण फिरलं की सायकल अडीच मीटरच्या वर पुढे जाते, मागे ३२ असेल तर सव्वादोन मीटरच्या आसपास. आठ-नऊ टक्क्यांच्या चढावर नवा रायडर ताशी ८ किलोमीटरने चढतो, त्या वेगाला २८ वर मिनिटाला ५२ वेळा पाय फिरतो, ३२ वर ६०. आकड्यात फरक छोटा वाटतो पण ५२ म्हणजे प्रत्येक पेडलला गुडघ्यावर उभं राहून ढकलल्यासारखं आणि ६० म्हणजे बसून, धाप न लागता चढता येतं. म्हणून घाटाच्या रेसला जायचं असेल तर मागचा कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) ११-३२ करून घ्या, हा माझ्या मते सगळ्यात कमी पैशातला सगळ्यात मोठा बदल. फक्त आधी मेकॅनिकला विचारा की मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) शॉर्ट केजचा, म्हणजे आखूड, आहे का, असेल तर तो ३२ ला पुरत नाही बऱ्याचदा, आणि कॅसेट मोठा केला की चेनची लांबी पण बघावी लागते.

हलका गिअर लावायला लाजू नका. टूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत डिरेलर वापरायला परवानगीच नव्हती, चढ आला की रायडर खाली उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे कारण दुसऱ्या बाजूला वेगळा दातेरी गोल असायचा, आणि परत निघायचे. त्यांना हलका गिअर मिळाला असता तर त्यांनी दोन्ही हातांनी घेतला असता.

आता माझ्यासोबत घडलेलं सांगतो, कारण हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझी पहिली रेस वाया गेली नसती. रेसच्या आदल्या संध्याकाळी सायकल टेम्पोत आडवी टाकून नेली, उजव्या बाजूवर. सकाळी सपाटीवर सगळं ठीक, घाट लागला, सगळ्यात मोठ्या मागच्या दात्यावर, म्हणजे दातेरी चकतीवर, चेन टाकली आणि कडकड आवाज होऊन डिरेलर थेट चाकाच्या तारांमध्ये घुसला. दोन तारा तुटल्या, डिरेलर पिळवटला, चाक जाम. झालं, तिथेच संपलं. हँगर वाकला होता. हँगर म्हणजे फ्रेमला मागे जो छोटा अॅल्युमिनियमचा तुकडा लावलेला असतो ज्याला डिरेलर टांगलेला असतो, तो मुद्दाम मऊ ठेवतात म्हणजे धक्का बसला तर तो वाकावा, फ्रेम नको. पण वाकला की डिरेलर आत झुकतो. त्या दिवसानंतर मी दोन गोष्टी कधीच चुकवत नाही. सायकल नेहमी डाव्या बाजूवर ठेवायची, चेनची बाजू वर. आणि कुठेही नेली की उतरवल्यावर मागचं चाक उचलून, हाताने पेडल फिरवत, एकेक करून सगळ्यात मोठ्या दात्यापर्यंत न्यायची आणि मागे उभं राहून बघायचं की डिरेलरचा केज आणि तारा यात फट आहे का. नसेल तर लो लिमिटचा स्क्रू (डिरेलर तारांकडे किती आत जाईल ते ठरवणारा) थोडा आत घ्या, पण खरं दुखणं हँगरचं असेल तर स्क्रूने बरं होत नाही, हँगर सरळ करून घ्यावा लागतो. आणि आपल्या फ्रेमचा एक जादा हँगर घरात ठेवा, प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, ऐन वेळी कुठेच मिळत नाही.

गिअर कुरकुरत असेल तर दुकानात पळायची गरज नाही. चेन मागे सगळ्यात छोट्या दात्यावर घ्या. शिफ्टर, म्हणजे हँडलवरचा गिअर बदलायचा खटका, एकदा दाबा. चेन दुसऱ्या दात्यावर चढायला कां-कूं करत असेल तर डिरेलरजवळची गोल बॅरल नॉब उलट्या घड्याळासारखी पाव फेरी फिरवा, परत बघा. केबल जास्तच ताणली गेली आणि चेन तिसऱ्याला घासायला लागली तर पाव फेरी उलटी. पाव फेरीच, अर्धी नाही. चारदा पाव फेरी केलीत तरी पाच मिनिटांत गिअर लोण्यासारखे पडतात.

पायरी ४ : चेन, टायर, ब्रेक

चेन ताणली गेलीय का हे बघायला स्टीलची फूटपट्टी पुरते. शून्य एका पिनेच्या बरोबर मध्यावर ठेवा, चेन थोडी ताणून धरा आणि १२ इंचावर बघा, नवीन चेनला तिथे बरोबर पिनेचा मध्य येतो. पिन सोळांश इंचाने पुढे सरकली असेल तर नवी चेन टाकायची वेळ झाली, अष्टमांश सरकली असेल तर उशीर झाला, आता कॅसेट पण गेला. चेन स्वस्त, कॅसेट महाग, म्हणून महिन्यातून एकदा पट्टी लावा. आणि तेल कमी घाला, आपल्याकडच्या धुळीत तेल जास्त झालं की काळा लगदा होतो. प्रत्येक कडीवर एक थेंब, दहा मिनिटं मुरू द्या, मग कोरड्या फडक्याने वरचं सगळं पुसून टाका.

टायरवर मात्र खर्च करा. २५ मिलिमीटर रुंदीचे असतील आणि फ्रेममध्ये जागा असेल तर २८ चे टाका, आपल्या रस्त्यांना तेच बरे. आणि हवा ठासून भरायची सवय सोडा, टायरच्या बाजूला १२० पीएसआय लिहिलंय ती कमाल मर्यादा आहे, तेवढी भरायची असा हुकूम नाही. सत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये पुढे ७० आणि मागे ७५ च्या आसपास बास होते, खडबडीवर टायर उड्या न मारता चिकटून पळतो, वळणावर पकड राहते. पंप गेजवालाच घ्या, बोटाने दाबून कळत नाही.

ब्रेक डिस्क असो की रिम, रेसला दोन्ही चालतात, पॅड किती उरलेत ते बघा आणि हाताच्या दोन बोटांनी ब्रेक लागतो की नाही ते बघा. चाक डुगडुगत असेल तर मिस्त्रीकडून आऊट काढून घ्या, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे. क्लिप पेडल (ज्यात बूट अडकतो) घेणार असाल तर रेसच्या निदान सहा आठवडे आधी घ्या, आणि शिमानोच्या रोड क्लीटमध्ये (बुटाच्या तळाला लावायचे तुकडे) पिवळे घ्या, त्यात टाचेला ६ अंश हलायला जागा असते, निळ्यात २, लाल अजिबात हलत नाही आणि नवख्याच्या गुडघ्याला तो झेपत नाही.

सेकंडहँड घेत असाल तर दोन मिनिटं लागतात एवढं करा : क्रँक दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर हलवून बघा, टकटक लागली तर बॉटम ब्रॅकेट गेलाय. फ्रेमचे जोड, विशेषतः हँडलखालचा भाग, मोबाईलच्या टॉर्चने बघा, रंगाला केसासारखी रेघ दिसली तर नाही म्हणा. आणि खरेदीचं बिल मागा, चोरीची सायकल गळ्यात नको.

पायरी ५ : घोळक्यात चालवायला शिका

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि एकट्याने होत नाही. समोरच्याच्या चाकामागे राहिलं की वारा तो खातो आणि आपले कष्ट पाव हिश्शाने तरी कमी होतात, वेग जास्त असेल तर त्याहून जास्त. म्हणूनच रेसमध्ये ताकदवान माणूस एकटा पुढे गेला तरी घोळका त्याला गिळतो.

शिकायचं कसं तर आपल्या गावातल्या ग्रुपबरोबर रविवारी पहाटे जायला लागा. पुण्यात बोपदेव, कात्रज, सिंहगड या बाजूंना पहाटे ग्रुप असतातच, नवी मुंबईत पाम बीच रोडवर, कोल्हापुरात जोतिबा-पन्हाळ्याच्या बाजूला, नाशकात त्र्यंबक रोडला. पहिल्या दिवशी सांगा की मी नवीन आहे, कुणी हाकलत नाही, उलट एखादे काका शेजारी येऊन शिकवतात. मला बोपदेवच्या पायथ्याला एका काकांनी शिकवलेलं अजून आठवतं, माझ्या डाव्या बाजूला येऊन म्हणाले, "बाळा, चाकाकडे बघू नको, त्याच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघ." मी तोपर्यंत पुढच्याच्या टायरवर डोळे लावून बसायचो आणि त्याने जरा वेग कमी केला की घाबरून ब्रेक दाबायचो, माझ्यामागचे शिव्या द्यायचे. नजर वर उचलली आणि पंधरा मिनिटांत खांदे सैल पडले.

सुरुवातीला समोरच्यापासून एक सायकल अंतर ठेवा, विश्वास बसला की अर्धं. आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी कधीच घुसवू नका, तो जरा बाजूला सरकला की चाकं घासतात आणि पडतो तो मागचा, पुढच्याला कळतही नाही. सरळ रेषेत चालवा. खड्डा आला तर बोट दाखवा आणि ओरडा, अचानक वळून चुकवू नका. घोळक्यात ब्रेक शक्यतो दाबायचा नाही, पेडल थांबवा, जरा ताठ बसा, वाऱ्याने वेग आपोआप कमी होतो. आणि चढावर उभं राहताना सायकल एक क्षण मागे येते हे लक्षात ठेवा, उभं राहायच्या आधी पेडलला जोर द्या म्हणजे मागचा तुमच्यावर येऊन आदळणार नाही. एका हाताने बाटली काढून, पिऊन, न बघता परत ठेवता आली पाहिजे. हे सगळं जमायला दीड-दोन महिने लागतात. जमेपर्यंत रोड रेसला नंबर लावू नका, टाइम ट्रायल करा तोपर्यंत.

पायरी ६ : बारा आठवडे

आठवड्यात चार दिवस पुरे, नोकरीवाल्याला त्याहून जास्त होत नाही. मंगळवारी पाच-पाच मिनिटांचे चार जोरदार तुकडे, मध्ये पाच मिनिटं निवांत. गुरुवारी तासभर पाय भरभर फिरवायचे, हलक्या गिअरवर. शनिवारी हळू, रविवारी लांब. लांब म्हणजे ५० ची रेस असेल तर बाराव्या आठवड्यापर्यंत ७० किलोमीटर आरामात झालं पाहिजे, आणि आराम म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतील एवढाच वेग. नवे लोक रोजच मधल्याच वेगात मरमर चालवतात, त्याने फक्त दमणूक होते. रेसच्या आठवड्यात अंतर निम्म्यावर आणा.

खायचं पण सरावातच ठरवा. दीड तासाच्या वर चालवणार असाल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम येतात. केळं, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, गुळाची चिक्की, हे सगळं जर्सीच्या मागच्या खिशात बसतं. बाटलीत लिंबू, साखर, मीठ, तासाला अर्धा ते पाऊण लिटर, एप्रिल-मेमध्ये जास्तच. रेसच्या दिवशी पहिल्यांदा एनर्जी जेल खाऊन बघू नका, पोट बिघडतं.

पायरी ७ : रेसचा दिवस

आदल्या रात्री सायकलीला काहीही नवीन लावायचं नाही, ना सीट ना टायर ना बूट. नंबर जर्सीला लावून ठेवा, चार पिना, फडफडला नाही पाहिजे. हेल्मेट पूर्वी कधी जोरात आपटलेलं असेल तर ते बाद समजा, बाहेरून धड दिसलं तरी. सोबत एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप.

सुटायच्या दोन तास आधी नाश्ता, पोहे किंवा उपमा, जे रोज खाता तेच. अर्धा तास आधी पंधरा मिनिटं सायकल चालवून अंग गरम करा, परत येऊन रांगेत लागा आणि गिअर हलका ठेवा, जड गिअरवर पहिलं पेडल मारताना लोक डगमगतात आणि तिथेच पहिला गोंधळ होतो. झेंडा पडला की सगळे पिसाळल्यासारखे सुटतात, पहिली दहा मिनिटं भीती वाटेल, श्वास लागेल, हे सगळ्यांनाच होतं. घोळक्याच्या पुढच्या एक तृतीयांश भागात, कडेला राहा, अगदी मागे राहिलात तर प्रत्येक वळणानंतर उगाच धावत गाठावं लागतं.

घाट लागला की मात्र स्वतःचा वेग धरा. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला घाटाचा राजा म्हणतात, ते एकाचंच काम. पायथ्यालाच असल्या जोरदार रायडरांच्या मागे लागलात तर मध्यावर पाय भरून येतात. घोळका सुटला तर सुटू दे, वर चार-पाच जण आपल्यासारखेच सापडतात, त्यांच्याशी बोलून पाळीपाळीने पुढे या, प्रत्येकाने अर्धा-अर्धा मिनिट वारा खायचा. उतारावर हात हँडलच्या खालच्या वळणावर, वजन मागे, ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही.

संपल्यावर लगेच आडवे होऊ नका, दहा मिनिटं हळू फिरवा. टायमिंग चिप परत द्यायची असेल तर आठवणीने द्या. घरी गेल्यावर टायर बोटाने चाचपून बघा, काचेचा बारीक तुकडा रुतून बसलेला असतो आणि तो मंगळवारी ऑफिसला निघताना पंक्चर करतो. चेन पुसा, तेलाचा एकेक थेंब घाला, आणि वहीत लिहून ठेवा की घाटात कुठला गिअर लावला होता, मागे अजून एक दात हवा होता का, किती बाटल्या संपल्या आणि घोळका नेमका कुठे सुटला.